आधी नट मोजून या

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या हत्यारांच्या एका जुन्या दुकानातून गेल्या महिन्यात मी रिकाम्या हातानं परत आलो. पैसे खिशात होते, माल समोर होता. काउंटरवर निळ्या पत्र्याची पेटी उघडून ठेवली होती. पाने, नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या गोट्या, त्या फिरवायचं रॅचेट, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळं आपापल्या खाचेत बसलेलं, वर तेलाचा पातळ थर आणि नव्या लोखंडाचा गार वास. मी एक रिंग पाना, नटाला गोल कड्यानं धरणारा, उचलून तळहातावर तोलला, परत खाचेत बसवला आणि किंमत विचारली. दुकानातले काका सत्तरीकडं झुकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. किंमत सांगायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, ‘‘गाडी कंची हाय?’’ म्हटलं, हिरो होंडा, शंभर सीसी, जुनी. ‘‘आनि तिचं काय काय खोलतासा?’’

मी म्हणालो, ‘‘असंच. घरच्या घरी थोडंफार.’’ काकांनी पेटीचं झाकण लावलं. आवाज न करता, एखाद्या झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर ओढावी तसं. ‘‘मग आधी घरला जावा. गाडीपुढं बसा. जे नट तुमी खोलनार तेवढे मोजा, चिठ्ठीवर ल्ह्या, मग या. पेटी कुठं पळून जात न्हाई.’’ एवढं बोलून ते माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडं वळले. तो कुठल्यातरी वर्कशॉपचा पोरगा होता, हात कोपरापर्यंत काळे. त्याला एकच गोटी हवी होती, चोवीस नंबरची. मिळाली, उजेडात धरून आत बघितली, पैसे दिले आणि गेला.

त्याला काय हवंय ते त्याला माहीत होतं.

बाहेर समोरच्या शेडमध्ये लेथ चालू होता. निळसर पडलेल्या कुरळ्या चिपांचा ढीग खाली साचत होता आणि मागच्या कुठल्यातरी फौंड्रीतून जळक्या वाळूचा वास येत होता. माझे वडील शाळामास्तर, घरात लोखंडाशी संबंध विळीपुरताच. पण कोल्हापुरात ज्याच्या गोतावळ्यात एखादा टर्नर, फिटर किंवा मोल्डर नाही असा माणूस सापडणं अवघड. विहिरीवर धकधकणारी ऑइल इंजिनं याच उद्यमनगरानं बनवली, आता गावाभोवतीच्या फौंड्र्यांमधून मोटारींचे ओतीव भाग बाहेर जातात. अशा गावात पन्नाशीला टेकलेला मी एका साध्या प्रश्नापुढं गप्प झालो होतो, आणि ते मला लागलं. रंकाळ्याच्या कडेनं फुलेवाडीकडं परत येताना चेनकव्हरच्या आतून चेनची कुरकुर ऐकू येत होती. पावसाळाभर ती तशीच चालवली होती. कुरकुर ऐकू येत होती, पण ती थांबवायला नेमका कुठला नट, कुठल्या मापाचा, किती फिरवायचा, हे वीस वर्षं त्याच गाडीवर बसून मला सांगता आलं नसतं.

सांगायची वेळच आली नव्हती. कारण मिस्त्री होते.

मिस्त्रींचं गॅरेज व्हीनस कॉर्नरच्या मागं, दोन गाड्या आत आणि चार बाहेर उभ्या राहतील एवढंच. २००४ साली गाडी घेतली तेव्हापासून तिला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला नाही. मी जायचो, गाडी डबल स्टँडवर लावायचो, समोरच्या टपरीवरून दोन कट चहा आणायचो आणि टायरांच्या ढिगावर बसायचो. मिस्त्री काम करताना बोलत नसत. त्यांचा डावा हात गाडीवर आणि उजवा हात मागं, हत्यारांच्या पाटीत. बघायचे गाडीकडं आणि हाताला बरोबर हवा तो पाना लागायचा. एखादं हत्यार बाजारात मिळत नाही अशी कुणी सबब सांगितली की मात्र ते ताठ व्हायचे. ‘‘बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला शंभर वर्सापूर्वी. तुला एक गोटी करता येत न्हाई?’’ आणि त्यांनी ती खरोखरच केलेली होती. आमच्या गाडीच्या क्लचच्या आत खाचांचा एक गोल नट असतो, त्याला साधा पाना लागतच नाही. त्यासाठी मिस्त्रींनी जुनी गोटी घेऊन तिचं तोंड ग्राइंडरवर घासून चार दात काढले होते. ती गोटी मी हातात घेऊन बघितली आहे. दात अगदी सारखे नव्हते, एक जरा जाड होता, आणि मिस्त्री तिला नेहमी त्याच बाजूनं बसवत.

यंदा पाडव्यानंतर त्यांनी गॅरेज फक्त सकाळीच उघडायचं ठरवलं. गुडघे धरतात. उकिडवं बसलं की उठायला खांबाचा आधार लागतो. मोठी कामं ते आता पुतण्याकडं पाठवतात. मला म्हणाले, ‘‘बारीकसारीक तुमचं तुमी बगा आता. चेन, प्लग, ऑइल. त्यात काय न्हाई.’’ मी हसून हो म्हटलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू; आपल्या हातांवर कुणीतरी विश्वास टाकला होता. आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडला. हत्यारं विकत घ्यायची म्हणजे टायरांच्या ढिगावरची माझी जागा सोडायची, आणि मिस्त्री आता थकले हे कबूल करायचं. म्हणूनच बहुतेक मी दुकानात जाऊन भलीमोठी पेटी मागितली. भारी वस्तू घेतली की मनातली रुखरुख जरा दबते.

पेटीचा मोह आधीही एकदा झाला होता. लॉकडाऊनमध्ये गॅरेजं बंद असताना घरबसल्या एक चाळीस नगांचा संच मागवला होता. नाव सांगण्यात अर्थ नाही, तसे संच अनेक असतात. दिसायला चकचकीत, प्लॅस्टिकची केस, चाळीसपैकी बावीस तर नुसते स्क्रूड्रायव्हरचे बारके बिट. इंजिनाखालचा ऑइलचा बोल्ट सोडवायचा म्हणून सतराचा फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाचा पाना लावला, जोर केला, आणि ‘खट्’ झालं. मला वाटलं बोल्ट सुटला. हात लावून बघितलं तर बोल्ट जागच्या जागी होता आणि त्याची सहापैकी दोन टोकं सपाट झाली होती. पुन्हा लावला, पुन्हा घसरला, मनगट सायलेन्सरवर आपटलं. दोन महिन्यांनी गॅरेज उघडल्यावर गाडी तशीच मिस्त्रींकडं नेली. ते आडवे होऊन खाली बघत राहिले. मग बोल्टच्या कडेवर छन्नी तिरकी धरून त्यांनी दोन अलगद ठोके दिले, तिसऱ्याला बोल्ट हलला. नवा बोल्ट, नवा वॉशर लावून झाल्यावर त्यांनी माझा पाना मागितला आणि उजेडात माझ्या डोळ्यांसमोर धरला. पान्याचं तोंड पसरलं होतं. नुसत्या नजरेला दिसेल इतकं. वर मुलामा झगमगत होता आणि आतलं पोलाद मऊ होतं, जोर आल्यावर जबडा उघडून मोकळं झालेलं. ‘‘बोल्ट गोल झाला न्हवं,’’ एवढंच ते म्हणाले, ‘‘पाना दोष आपल्यावर घेत न्हाई, बोल्टवर ढकलतो.’’

आणि त्याच्याही आधीचा २०१९ चा ऑगस्ट.

महापुराबद्दल कोल्हापूरकराला काय सांगायचं. पंचगंगा कुठवर आली, शिरोलीजवळ हायवे किती दिवस बंद राहिला, पेट्रोलला किती रांगा लागल्या, ज्याचं त्याला पाठ आहे. व्हीनस कॉर्नरला नावा चालत होत्या. पाणी उतरल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मिस्त्रींकडं गेलो. गॅरेजच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक तपकिरी रेघ होती, आणि खाली सगळ्यावर गाळ. पुराचा गाळ हाताला आधी लोण्यासारखा लागतो आणि वाळला की सिमेंटासारखा. रस्त्यावर ओळीनं गाड्या उभ्या होत्या आणि मिस्त्री प्रत्येकाला हात जोडून एकच सांगत होते, ‘‘किक मारू नका. आधी प्लग काढा.’’ कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि प्लग जागेवर असेल तर पिस्टनला वर यायला वाट नसते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी घाईनं किक मारल्या किंवा बटण दाबलं त्यांची इंजिनं उतरवावी लागली. ज्यांनी प्लग काढून किक मारली त्यांच्या गाडीतून पिचकारीसारखं पाणी उडालं आणि ती बहुतेक वाचली. खालून सोडलेलं ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं यायचं. ते एकदा बदलून भागत नव्हतं. नवं घालायचं, इंजिन थोडं चालवायचं, पुन्हा सोडायचं, ऑइलचा रंग ऑइलसारखा दिसेपर्यंत.

या गर्दीत मिस्त्रींची स्वतःची हत्यारं अजून गाळात होती. पाटी उलटी पडलेली, पाने खोलीभर. मी म्हटलं, द्या, मी धुतो. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं. एका पत्र्याच्या डब्यात डिझेल, एक दात घासायचा जुना ब्रश, एक तारेचा, आणि जुन्या लुंगीच्या चिंध्या. दोन दिवस मी उंबऱ्यावर बसून हत्यारं धूत होतो. आयुष्यात पहिल्यांदा पाने एकेक करून हातात आले. फिक्स पान्याची दोन तोंडं दांड्याशी किंचित तिरकी असतात, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मिस्त्री येता जाता म्हणाले, अडचणीच्या जागी पाना जेमतेम हलतो, मग तो उलटा करून लावायचा, कोन बदलतो आणि नट आणखी थोडा फिरतो. रिंग पान्याच्या आतल्या बारा खाचांत गाळ जाऊन बसला होता, तो टाचणीनं काढला. रॅचेट मिस्त्रींनी स्वतः उघडलं. आत इवलीशी स्प्रिंग आणि एक खटका, त्यावर पंचगंगेची वाळू. त्यांनी फुंकर मारली, ग्रीसचं बोट फिरवलं, परत बसवलं आणि कानाजवळ नेऊन फिरवलं. कर्र कर्र. चौथ्या फेऱ्याला आवाज साफ आला तेव्हा सबंध दिवसात पहिल्यांदा ते हसले.

धुतलेले पाने मी पोत्यावर मांडत गेलो तसं एक दिसायला लागलं. काही पाने काळे, चोपडे, आकडे पुसट झालेले. काही मात्र नव्यासारखे. दहाचा पाना इतका झिजला होता की त्याच्यावरचा ‘१०’ बोटानं चाचपूनच कळायचा. त्याच्या शेजारचे नऊ, अकरा, पंधरा यांच्यावर कारखान्याचा मुलामासुद्धा शाबूत होता. त्या वेळी मी ते फक्त बघितलं. त्याचा अर्थ विचारायला हवा होता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी ती सगळी हत्यारं नव्या पोत्यावर मांडली. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. रॅचेटवर एक फूल आणि त्या चार दातांच्या गोटीत एक फूल खोचलेलं. भिंतीवरची रेघ त्यांनी रंगवून घेतली नव्हती, ती मागं तशीच दिसत होती. खंडेनवमीला कुठल्याच हत्याराला हात लावत नाहीत, आणि दरवर्षी त्या दिवशी मिस्त्री रिकाम्या हातांनी बसलेले जरा परके वाटायचे. त्या वर्षी मात्र ते बराच वेळ नुसते हत्यारांकडं बघत बसले होते.

तर, गेल्या महिन्यातल्या त्या शनिवारी दुकानातून परत आलो आणि रविवारी सकाळी खरोखरच गाडीपुढं बसलो. काका म्हणाले होते तसंच. सोबत वही, मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणि शेजाऱ्यांकडून आणलेला व्हर्नियर. मुलगी नववीत आहे, तिला व्हर्नियर वाचता येतो, मला पुन्हा शिकावा लागला. ती मापं घेत गेली, मी लिहीत गेलो. पानं भरतील असं वाटलं होतं, झालं उलटंच. बॅटरीचं झाकण, चेनकव्हर, हँडलवरचे क्लॅम्प, लिव्हरचे बोल्ट, जिकडं बघावं तिकडं आठ किंवा दहा मिलिमीटर. मग बारा. मग चौदा. खालचा ऑइलचा बोल्ट सतरा. प्लगला सोळाचा लांब प्लग पाना. मागच्या चाकाच्या आसाचे दोन मोठे नट. बाकी आकड्यांचा पत्ताच नव्हता. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तेरा एकपण नाही. पंधरा नाही. नऊ नाही.’’

तेव्हा पोत्यावरचे ते नवे कोरे पाने आठवले.

कारण साधं आहे. आमची गाडी मूळची जपानी आराखड्याची. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं आपल्याकडच्या इतर यंत्रांवर बहुधा तेराचं असतं, जपानी गाड्यांवर ते बाराचं. दहा मिलिमीटरच्या बोल्टवर सतराऐवजी चौदा. दुकानातल्या फिक्स पान्यांच्या नेहमीच्या संचात आठ पाने येतात: सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, असे वीस-बावीसपर्यंत. म्हणजे सोळा तोंडं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त माझ्या गाडीच्या एकाही नटाला कधी लागणार नव्हती. पेटी चांगलीच होती. ती माझ्या गाडीसाठी नव्हती, सगळ्यांच्या सगळ्या गाड्यांसाठी होती. काकांना एका वाक्यात हे सांगता आलं असतं, ऐकून मी मान डोलावली असती आणि घरी येईपर्यंत विसरलो असतो.

आणखी एक गोष्ट त्या सकाळी कळली. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू. त्यांच्या डोक्यावर फुली असते आणि फुलीशेजारी एक बारीक टिंब. टिंब मुलीनं दाखवलं. मी वर्षानुवर्षं समजत होतो की फुलीचा स्क्रू म्हणजे फुलीचा स्क्रूड्रायव्हर. पण आपण नेहमी वापरतो तो फिलिप्स, आणि हे टिंबवाले स्क्रू जपानी मानकाचे, जेआयएस. फुलीचा उतार थोडा वेगळा. फिलिप्स त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. त्यातल्या दोन स्क्रूंची फुली आधीच खाल्लेली होती. लॉकडाऊनमधल्या त्या चाळीस नगांच्या संचानं, म्हणजे माझ्याच हातांनी.

पुढच्या शनिवारी चिठ्ठी घेऊन गेलो. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि चिठ्ठी डॉक्टर रिपोर्ट वाचतात तशी शांतपणे वाचली. या वेळी पेटी खाली आलीच नाही. त्यांनी वेगवेगळे ड्रॉवर उघडले आणि एकेक नग काउंटरवर ठेवत गेले. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा असे कॉम्बिनेशन पाने, एका टोकाला रिंग, एका टोकाला फिक्स. ‘‘सोडवताना पयला झटका रिंगनं द्यायचा. ती चारी बाजूनं धरती. ढिला झाला की मग फिक्सनं पटापटा काढा.’’ दहाचा टी-पाना, कारण दहा सगळ्यात जास्त. सोळाचा प्लग पाना, आत रबर असलेला, म्हणजे प्लग वर येताना निसटून पडत नाही. आसाच्या नटांसाठी दोन वेगळे रिंग पाने, लांब दांड्याचे. टिंबवाल्या स्क्रूंसाठी एक स्क्रूड्रायव्हर. तो त्यांच्याकडं नव्हता, दोन दिवसांनी मागवून दिला. एक साधी पक्कड, एक लांब तोंडाची. टायरच्या हवेसाठी गेज. टॅपेटसाठी, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट मोजायला, फीलर गेज मी लिहिलं होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. ‘‘हे यंदा नको. टॅपेट मिस्त्रींकडं बसून दोनदा बगा, मग या.’’ टॉर्क रेंच, म्हणजे नटाला किती जोर लागला ते मोजणारा पाना, मीच विचारला. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण दहाचा पाना उचलून सतराच्या शेजारी ठेवला. ‘‘ह्यो आखूड का केलाय सांगा.’’

मी बघत राहिलो. उत्तर समोरच होतं. सहा मिलिमीटरचा बोल्ट, डोकं दहाचं, त्याला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरे. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला किलोभर वजन टांगावं, एवढंच. माणूस सगळीकडं सारखाच जोर लावतो, म्हणून छोट्या नटाचा पाना आखूड ठेवलेला असतो, हाताला फार ताकद मिळू नये म्हणून. त्यावर पाइप चढवून दांडा वाढवायचा म्हणजे ज्यानं पाना घडवला त्याचं सांगणं न ऐकणं. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं, आटे मऊ. एकदा आटे गेले की पाना कितीही भारी असो. काका म्हणाले, ‘‘इंजिन उघडनार असशीला तर टॉर्क रेंच घ्याच. न्हाई उघडनार? मग दोन बोटांत पाना धरायला शिका आधी.’’ बिल पेटीच्या निम्म्यालाही गेलं नाही. बायकोनं जुन्या जीनच्या कापडाला शिवण मारून खिसे करून दिले, प्रत्येक पान्याला एक. गुंडाळलं की हातभर लांब, दोरीनं बांधायचं. आठच्या खिशात आठ, दहाच्या खिशात दहा. काम संपल्यावर एक खिसा रिकामा दिसला तर पाना अजून गाडीतच कुठंतरी आहे.

पहिलं काम चेनचं. सकाळी लवकर, पार्किंगमध्ये कुणी उठायच्या आत. आसाचे नट ढिले केले. पहिला झटका रिंगनं. नट ‘टक्’ करून सुटला तो आवाज अजून कानात आहे. लॉकडाऊनमधल्या ‘खट्’पेक्षा किती वेगळा, कोरडा, खोल. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर थोडे थोडे ओढले, चाकाच्या दोन्ही बाजूंना गाडीवरच असलेल्या खुणा डावीउजवीकडं सारख्या ठेवल्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेनकव्हरच्या भोकातलं रबरी बूच काढून बोटानं चेन वरखाली करून बघितली. दोन-तीन सेंटिमीटर झोल हवा, तेवढा होता. चाक मागं सरकलं की मागचा ब्रेक आपोआप आवळला जातो, म्हणून ब्रेकच्या दांडीचा नट हातानं मागं फिरवला. चेनला ल्यूब. नट घट्ट. नखांत काळं गेलं, ते रात्रीपर्यंत निघालं नाही आणि मला काढायचंही नव्हतं. जेवताना हात नाकाजवळ आला की मिस्त्रींच्या गॅरेजचा वास यायचा.

रंकाळ्यावरून एक चक्कर मारली. कुरकुर गेली होती. पण कुठंतरी, दर फेऱ्याला एकदा, चेन किंचित ओढल्यासारखी वाटत होती. की मलाच वाटत होतं? नव्यानं स्वयंपाक केलेल्या माणसाला मीठ कमी आहे की जास्त ते कळेनासं होतं, तसं झालं. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीनस कॉर्नर. मिस्त्री खुर्चीवर बसले होते. मी चहा घेऊन आलो. त्यांनी विचारलं, ‘‘काय काय खोललंसा?’’ मी एकेक करून सांगितलं: आसाचे दोन नट, दोन ॲडजस्टर, ब्रेकची दांडी, कुठल्या मापाच्या पान्यानं, किती फेरे, कुठल्या क्रमानं. ते ऐकत होते आणि त्यांचा हात गाडीवर होता. मग चेनकव्हरच्या भोकात बोट घातलं, दुसऱ्या हातानं चाक हळूहळू फिरवलं. थांबले. चेन दाबली. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबले. ‘‘हितं हात घाला.’’ घातला. झोल होता. त्यांनी चाक आणखी थोडं फिरवलं. ‘‘आता.’’ चेन तारेसारखी ताठ होती, बोटाखाली जेमतेम हलली. ‘‘जुनी चेन सगळीकडं सारखी झिजत न्हाई. सगळ्यात ताठ जागा हुडकायची आनि तिथं झोल मोजायचा. तुमी ढिल्या जागेला मोजलंसा.’’

मला वाटलं आता ते खाली बसतील. त्यांनी खांबाला धरून उठायची तयारीसुद्धा केली. मग पुन्हा खुर्चीत टेकले आणि माझ्या हातातल्या जीनच्या गुंडाळीकडं बोट केलं.

‘‘उघडा की.’’

मी फरशीवर गुंडाळी उलगडली. मिस्त्रींनी वाकून दहाचा पाना खिशातून काढला, तोंडात अंगठा फिरवून कडा बघितल्या, उजेडात धरला आणि परत त्याच खिशात ठेवला. मग लांब दांड्याचा एक रिंग पाना काढून माझ्याकडं दिला. मी गाडीच्या मागं उकिडवा बसलो. पयला झटका रिंगनं, असं ते म्हणाले नाहीत. मी तोंड नटावर बसवलं, हलतं का ते बघितलं, आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.